मैदानावर मामा नाही

त्या वर्षी कॉलेजच्या फुटबॉल टीमला गोलकीपर मिळेना. जुना गोली परीक्षेत आपटला, बापाने त्याला कानाला धरून टायरच्या दुकानात बसवला आणि ऐन हंगामाच्या तोंडावर गोल ओस पडला. तशी टीमची फार मोठी अब्रू होती अशातला भाग नाही. आदल्या हंगामात दिसेल त्याने यांना धुतलं होतं, अगदी नर्सिंग कॉलेजनेसुद्धा, आणि त्यांच्याकडे मुळात मुलंच जेमतेम अकरा होती. पण हरायलाही गोलकीपर लागतोच ना!

टीमच्या सरांना सगळे शिट्टीसर म्हणायचे. खेळाचे मास्तर, गळ्यात कायम शिट्टी; ऑफिसात शिपायाला बोलवायचं असलं तरी तीच फुंकणार. माणूस कडक, पण पोरांवर जीव. त्यांनी एकेकाला गोलमध्ये उभं करून पाहिलं. एक जण चेंडू आला की डोळेच मिटायचा, दुसरा चेंडू सोडून स्वतःचे केस सांभाळायचा. शेवटी सरांच्या सख्ख्या भाच्याने हात वर केला. नुकताच कॉलेजात आलेला, हाडकुळा, लांब हातांचा पोरगा. सरांनी नाखुशीनेच त्याच्यावर चेंडू मारले. पहिला धरला, दुसरा धरला, तिसरा तर असा काही झेपावून धरला की कप्तान ओरडला, "आयला, याच्या हाताला डिंक लावलाय की काय!" त्या दिवसापासून पोराचं नाव पडलं चिकट्या.

आणि तिथूनच सरांच्या डोक्याला ताप सुरू झाला. भाचा खरोखरच चांगला होता, हीच तर पंचाईत. वाईट असता तर काढून टाकून मोकळे झाले असते. दुसऱ्याच दिवशी कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर खडूने लिहिलेलं सापडलं: 'गोलकीपर पाहिजे. भाचा असल्यास प्राधान्य.' पोरं पोट धरधरून हसली. चिकट्याही हसला. सर मात्र हसले नाहीत. ऑफिसातला हेडक्लार्क उभ्या जन्मात कधी मैदानाकडे फिरकला नव्हता, पण तोही चष्म्यावरून बघत म्हणाला, "काय सर, यंदा घरचाच माणूस उभा केलात म्हणे?" सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मभर कुणाची वशिलेबाजी केली नाही, कुणासाठी शब्द टाकला नाही, आणि आता हे ऐकून घ्यायचं?

संध्याकाळी त्यांनी टीमला मैदानात बसवलं आणि सगळ्यांसमक्ष भाच्याला सुनावलं. "नीट ऐक. मैदानावर मामा नाही. इथे मी सर आणि तू गोलकीपर. मामा म्हणालास की मैदानाला एक चक्कर. मला अरेतुरे केलंस की दोन."

"हो मामा," चिकट्या म्हणाला, आणि सगळे हसायच्या आत उठून चक्कर मारायला पळालासुद्धा. तेवढंच. त्यानंतर अख्ख्या हंगामात त्याची जीभ कधी घसरली नाही. घरी "मामा, तू आण ना मला ते" असं अंगावर येऊन बोलणारं पोर मैदानाच्या चुन्याच्या रेघेवर पाय ठेवला रे ठेवला की "हो सर, नाही सर, आलो सर." सरांना मनातून त्याचं फार कौतुक वाटायचं. बोलून दाखवतील तर शपथ!

पोराची आई म्हणजे सरांची थोरली बहीण. ताई कपड्यांच्या कारखान्यात कटिंग टेबलवर होती. कापडाचे थरावर थर रचायचे, वर खुणा आखायच्या, आणि डाव्या हातात लोखंडी जाळीचा मोजा घालून ती थप्पी चालत्या पात्यापुढे सरकवायची, असं तिचं काम. आईवडील गेल्यावर याच कामावर तिने धाकट्या भावाला शिकवलं, मास्तर केलं, मग स्वतः लग्न केलं. दाजी मालवाहू जहाजावर, वर्षातून एकदा उगवायचे. म्हणजे घरात पुरुष माणूस काय तो हा भाऊच. भाच्याचं नाव टीममध्ये लागलं तेव्हा सर तिला सांगायला गेले.

"लागणार बिगणार नाही ना रे त्याला?" ताईने विचारलं.

"अगं, मी आहे ना तिथे."

"तू आहेस म्हणून तर पाठवतेय. नाहीतर घरात कोंडून ठेवला असता."

हंगाम सुरू झाला आणि काय सांगावं, टीम चक्क जिंकायला लागली. पुढची फळी आपली होती तशीच होती, पण मागे गोल बसत नाही म्हटल्यावर पोरांना धीर आला. कप्तान बचावात खेळायचा, सगळ्यांवर हुकूम सोडायचा, म्हणून त्याला मुकादम म्हणायचे. तो आता निम्म्या आवाजात ओरडू लागला, एवढा त्याचा मागच्या माणसावर भरवसा. चिकट्या पुढच्याच्या पायांत सरळ डोकं घालून चेंडू काढून घ्यायचा. बघणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकायचा, आणि हा उठून धूळ झटकत दात काढायचा.

सर मात्र त्याच्यावर डूख धरल्यासारखे वागायचे. दुसरा कुणी उशिरा आला तर दोन शब्द, हा आला तर चक्कर. दुसऱ्याचं बोट मुरगळलं तर आठवडाभर आराम, याचं मुरगळलं तर पट्टी गुंडाळून परत गोलमध्ये. पोरांना सुरुवातीला गंमत वाटली, मग कीव येऊ लागली. भिंतीवरचा मजकूर ज्याने लिहिला होता त्यानेच एक दिवस ओल्या फडक्याने पुसून टाकला. पण सरांच्या मनावरचा काही पुसला गेला नाही. भाच्याला दिलेली एवढीशी सूट लोक बरोबर मोजणार, या एका गोष्टीची त्यांनी हाय खाल्ली होती.

आता सरांचा एक नियम सांगायला हवा. कुणाच्या डोक्याला मार लागला की ते खेळ थांबवून धावत जायचे, पोराच्या समोर गुडघे टेकायचे आणि तीन प्रश्न विचारायचे. स्कोअर काय? हाफ कितवा? समोर कोण? तिन्ही उत्तरं बरोबर आली तर खेळ, एक जरी चुकलं तर बाहेर. डोक्याशी मस्करी नाही, हे त्यांचं ठाम मत होतं, आणि ते योग्यच होतं. हंगामाच्या सुरुवातीला नवरदेवाला, म्हणजे टीमच्या सेंटर फॉरवर्डला, कोपर बसलं. हा गडी मैदानातही खिशात कंगवा बाळगायचा. त्याने स्कोअर चुकीचा सांगितला. सरांनी त्याला काढला तो काढलाच, वर पूर्ण बरा होईपर्यंत बुटाला हात लावू दिला नाही. नवरदेव हातापाया पडला, रुसला, सर बधले नाहीत. पुढची मॅच टीम त्याच्यावाचून हरली.

तेव्हा मुकादमाने एक शक्कल काढली. सर पोरासमोर गुडघे टेकतात तेव्हा त्यांच्या मागे कोण उभं आहे ते त्यांना दिसत नाही. तर मग राखीव पोरांनी पाण्याच्या बाटल्या घेऊन त्यांच्या मागोमाग जायचं, पाठीमागे उभं राहायचं आणि बोटं दाखवायची. आधी स्कोअर, मग हाफ. समोर कोण ते तर जर्सीवर लिहिलेलंच असतं, तिकडे हात केला की झालं. पोरांनी याची रंगीत तालीमसुद्धा केली, वर्गात परीक्षेला करतात तशीच. सरांना याचा पत्ता नव्हता. पोरांना वाटलं, आपण टीमचं भलं करतोय.

सेमीफायनलला पॉलिटेक्निकच्या धिप्पाड फॉरवर्डचा गुडघा चिकट्याच्या कानाच्या वर बसला. आवाज बाहेरपर्यंत आला. सर धावले, गुडघे टेकले, तीन प्रश्न विचारले. बोटं उठली. चिकट्याने सरांच्या खांद्यावरून बघत बघत तिन्ही उत्तरं दिली. उशिरा दिली, पण बरोबर दिली. टीम एका गोलने जिंकली, कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदाच फायनलला पोचली, आणि पोरांनी चिकट्याला खांद्यावर घेऊन मैदानभर नाचवला. उतरवल्यावर तो कोपऱ्यात जाऊन ओकला. आनंदाने पोटात कालवलं असेल, असं म्हणून सगळे पुन्हा नाचायला लागले.

दोन-तीन दिवसांनी दुपारच्या सुट्टीत ताईचा कारखान्यातून फोन आला. मागे यंत्रांची घरघर चालू होती.

"अरे, हा धड जेवत नाही. दिवा लावला की डोळ्यांवर हात धरतो. काल दुधाचं पातेलं फ्रिजमध्ये ठेव म्हटलं तर कपड्यांच्या कपाटात ठेवून आला. मी हसले, पण मला काही ठीक दिसत नाही बघ."

"परीक्षा आणि फायनल एकदम आलीय, ताई. पोरांचं होतं असं," सर म्हणाले. पण त्यांचं त्यांनाच ते पटलं नाही. कॉलेज सुटल्यावर ते थेट तिच्या घरी गेले. चिकट्या पडदे ओढून पालथा पडला होता.

"डोकं दुखतंय?"

"थोडंसं."

"खरं सांग."

चिकट्या उठून बसला. "मामा, तू मला बसवणार नाहीस ना? बाकी काय पाहिजे ते कर, पण बसवू नकोस रे."

दुसऱ्या कुणाचं पोर असतं तर सरांनी तिथल्या तिथे त्याला फायनलमधून काढलं असतं. नवरदेवाला याच्या निम्म्याने काढलं होतं. राखीव गोलीही होता. बेताचाच होता, पण होता. सरांना हे सगळं कळत होतं हो, न कळायला ते काही दूधखुळे नव्हते. पण त्यांना तेव्हाच पुढचंही ऐकू यायला लागलं. फायनल म्हटल्यावर भाच्याची पाचावर धारण बसली आणि मामाने पदराखाली घेतला! पुन्हा तोच खडू, पुन्हा तोच चष्मा. सगळा हंगाम ज्या गोष्टीसाठी पोराला पिळून काढला, ती शेवटच्या दिवशी हातची जाणार.

"सराव करू नकोस. झोप काढ," ते म्हणाले. "फायनलला बघू."

दारात ताईने त्यांना गाठलं. "डॉक्टरला दाखवायचं का?"

"फायनल झाली की मी स्वतः नेतो."

"नक्की?"

"नक्की, ताई."

फायनल शहरातल्या मोठ्या मैदानावर होती, आणि ते फुलून गेलं होतं. खुर्च्या टाकल्या होत्या, लाउडस्पीकर होता, प्राचार्य होते, आणि कधी नव्हे तो हेडक्लार्कही पहिल्या रांगेत पाय पसरून बसला होता. समोर गतविजेते इंजिनीअरिंगवाले. चिकट्या पहिल्या हाफला बरा खेळला. उन्हाकडे तोंड आलं की डोळे बारीक करायचा, एक चेंडू हातातून निसटला तो मुकादमाने निभावून नेला. सर रेघेवर उभे राहून त्याच्याकडे बघत होते. कधी नाही ती शिट्टी त्यांनी दातांत धरून ठेवली होती.

दुसऱ्या हाफमध्ये नवरदेवाने गोल केला. एक-शून्य. मग इंजिनीअरिंगने जीव तोडून हल्ले चढवले. एका कॉर्नरला चिकट्या चेंडूसाठी उडाला, मुकादमही उडाला, आणि आपल्याच कप्तानाच्या डोक्यावर त्याचं डोकं आपटलं. मुकादम डोकं चोळत उठला. चिकट्या तसाच पडून राहिला.

सर धावले. मागोमाग बाटल्या घेऊन पोरं धावली. सर गुडघ्यांवर बसले तोवर चिकट्या कोपरावर रेलून उठला होता, तोंड मातीने माखलेलं.

"स्कोअर काय?"

चिकट्याने सरांच्या खांद्यावरून वर पाहिलं. "एक... शून्य."

"हाफ कितवा?"

"दुसरा."

"समोर कोण?"

"इंजिनीअरिंग."

तिन्ही बरोबर. सरांनी सुस्कारा सोडला आणि उठायला हात जमिनीला टेकला. तेवढ्यात चिकट्याने त्यांची बाही धरली.

"मामा," तो म्हणाला, "तू मला घरी ने ना."

चांगलं मोठ्याने म्हणाला. रेफरीने ऐकलं, इंजिनीअरिंगच्या पोरांनी ऐकलं. त्यांच्यातला एक फिसकन हसला. "अरे, मामा आलाय न्यायला!" आणि ती गंमत एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून थेट खुर्च्यांपर्यंत पोचली. पहिल्या रांगेत कुणीतरी टाळी देऊन हसलं. सरांचे कान तापले. ज्याची एवढे दिवस धास्ती घेतली होती ते अगदी शेवटच्या घटकेला, साऱ्या कॉलेजादेखत घडत होतं, आणि करत कोण होतं? तर ज्याच्यासाठी एवढं सोसलं तो!

त्यांनी बाही सोडवून घेतली. "मी कोण आहे इथे?"

चिकट्या बघत राहिला. ओठ हलले, पण आवाज नाही.

"मैदानावर मी कोण?"

"सर," चिकट्या म्हणाला.

"मग ऊठ."

आणि तो उठला. मुकादमाने हात दिला, त्याने मातीत पडलेले हातमोजे उचलले, डाव्या हाताचा उजव्यात घालायला लागला, मग मुकादमानेच ते नीट घालून दिले. थोडाच वेळ उरला होता. एक चेंडू सरळ त्याच्या छातीवर आला, त्याने तो पोटाशी धरला आणि सोडेचना. रेफरीला दोनदा सांगावं लागलं. लोकांना वाटलं, काय शहाणा पोरगा, वेळ काढतोय. खुर्च्यांवरून टाळ्या पडल्या. शिट्टी झाली, कप आपला झाला.

परतीच्या बसमध्ये पोरांनी पत्रा बडवून बडवून आकाश डोक्यावर घेतलं. चिकट्या खिडकीला टेकून झोपला होता. "दमलाय, झोपू द्या त्याला," सर म्हणाले आणि आपलं जॅकेट त्याच्या अंगावर टाकलं. आता मैदान संपलं होतं, आता मामा व्हायला हरकत नव्हती. कॉलेजच्या फाटकात बस थांबली, सगळे उतरले, सरांनी त्याला हलवलं. पुन्हा हलवलं. मान दुसऱ्या बाजूला पडली आणि नाकातून घोरण्यासारखा जो आवाज येत होता तो झोपेचा नव्हता. सरांनी त्याला दोन्ही हातांवर उचलला आणि ड्रायव्हरच्या नावाने ओरडले, ते ओरडणं ऐकून कप हातात घेतलेली पोरं जागच्या जागी थिजली.

हॉस्पिटलमध्ये ताई कारखान्यातल्या ॲप्रनवरच आली. अंगभर दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले. तिला आत जाऊ देईनात. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हळू बोलायच्या. म्हणाल्या, आधीचा मार बरा झालेला नव्हता, त्यावर दुसरा बसला, मेंदूत रक्त साचलंय, सूज फार आहे. मग सरांना विचारलं, "मार लागल्यावर काही वेगळं वागला का? गोंधळल्यासारखा, भलतंच बोलला, असं काही?"

"नाही," सर म्हणाले. "मी तीन प्रश्न विचारले. तिन्ही उत्तरं बरोबर दिली."

मागे मुकादम भिंतीला टेकून उभा होता. तो मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायला लागला. "सर, आम्ही बोटं दाखवत होतो हो. सर, सेमीलापण दाखवली होती." सरांना आधी काय ते कळेना. मग कळलं.

चिकट्या शुद्धीवर आलाच नाही. ताईने त्याचा हात हातात धरला होता, तशातच गेला. दाजींचं जहाज भर समुद्रात होतं. त्यांना फोनवर कळवलं. त्यांना पोराचं तोंडही बघायला मिळालं नाही.

सगळं आटोपल्यावर एका दुपारी सर ताईकडे गेले. जाणं टाळून टाळून किती टाळणार? ताई स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसली होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता. तिने त्यांना पाणी दिलं.

"सकाळी तुमची पोरं येऊन गेली," ती म्हणाली. "तो मुकादम उंबऱ्यातच रडायला लागला. सांगितलंन सगळं, बोटं कशी दाखवायचे ते. काय बोलणार त्या लेकरांना?" तिने टेबलावर सांडलेलं पाणी हाताने पुसलं. "मग तुला तरी कसं कळणार रे? उत्तरं बरोबर आली म्हणजे माणसाला वाटणारच, बरा आहे. तू स्वतःला खात बसू नकोस. माझं आता कोण आहे दुसरं?"

सरांना फक्त मान हलवायची होती. बहिणीने स्वतःच्या हाताने त्यांना दोषातून सोडवलं होतं. मान हलवली असती तर कुणाला काही कळलं नसतं, आणि तिला तेवढाच एक भाऊ तरी उरला असता. त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"ताई, त्याने मला मामा म्हटलं."

ताईला समजेना. "मग? मामाच तर आहेस."

"मैदानावर म्हटलं. सगळ्यांसमोर. कधी म्हणत नसे गं तो, आमचं ठरलं होतं तसं. माझी बाही धरली आणि म्हणाला, मामा, तू मला घरी ने ना. ते त्याला कुणी बोटांनी सांगितलं नव्हतं. ते एवढं त्याचं त्याने सांगितलं होतं."



"आणि तू काय म्हणालास?"

"मी म्हटलं, मी कोण आहे इथे."

"मग?"

"मग सर म्हणाला."

"आणि?"

"मी म्हटलं, ऊठ. उठला."

ताईने टेबलावर दोन्ही हात पसरून ठेवले. सरांना वाटलं, आता ती ओरडेल, मारेल, घराबाहेर काढेल. काढलं असतं तर त्यांना सुटल्यासारखं झालं असतं.

"आणला असतास त्याला तसाच घरी," ती शेवटी म्हणाली, "तर काय झालं असतं रे? कोण काय म्हणालं असतं तुला?"

सरांनी खरंच विचार केला. डोळ्यांसमोर ते मैदान आणलं, ती रांग आणली, ती तोंडं आणली.

"काही नाही," ते म्हणाले. "थोडे हसले असते."

"हसू द्यायचं ना," ताई म्हणाली. "अरे, हसू द्यायचं ना त्यांना."